अमेरिकेत पालकांनी मिळून काढलेलं दोन भाषांचं पाळणाघर टिकतं का?

तुम्ही लिहिलंय की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉन्टमधली काही मराठी कुटुंबं मिळून मराठी-इंग्रजी पाळणाघर काढायच्या विचारात आहेत, पण आपली मुलं शाळेत गेली की ते बंद पडेल अशी धास्ती वाटते. असं पाळणाघर टिकतं, आणि टिकलेलं बघायला तुम्हाला लांब जायला नको. सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाउनमधलं 'निहोनमाची लिटल फ्रेंड्स' १९७५ पासून चालू आहे. मी याच शहरात राहते, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, आणि या संस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे.

ते का निघालं ते आधी सांगते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. परत आल्यावर अनेक घरांत आईवडिलांनी मुलांशी जपानी बोलणं सोडून दिलं. पुढे शहराच्या पुनर्विकासात जपानटाउनची घरं पाडली गेली, गिअरी रस्ता रुंद झाला, माणसं पांगली. सत्तरच्या दशकात तिसऱ्या पिढीला, म्हणजे सान्सेईंना, स्वतःची मुलं झाली तेव्हा त्यांना आपल्याच वस्तीत, परवडणारं आणि मुलांच्या कानांवर जपानी पडेल असं पाळणाघर हवं होतं. त्यांनी दार सगळ्या समाजांतल्या मुलांसाठी उघडं ठेवलं. मला वाटतं, टिकण्याचं हे एक मोठं कारण आहे. फक्त आपल्याच मुलांवर अवलंबून राहिलं की दोन-तीन वर्षांत पट रिकामा होतो.

दुसरं म्हणजे पुढची पायरी. शहराच्या सरकारी शाळांत जपानी द्विभाषिक वर्ग १९७३ पासूनच होते, आणि पाळणाघरानेही शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळायची सोय केली. त्यामुळे मूल पाच वर्षांचं झालं तरी संबंध तुटत नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जागेबद्दल. सटर रस्त्यावरची त्यांची इमारत मुळात जपानी वायडब्ल्यूसीएची, म्हणजे तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेच्या जपानी शाखेची. पहिल्या पिढीतल्या, इस्सेई बायकांनी वर्गण्या जमवून ती उभी केली; ज्युलिया मॉर्गन या नामवंत वास्तुकार बाईंनी आराखडा दिला आणि १९३२ मध्ये बांधकाम पुरं झालं. मात्र कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना जमीन विकत घेता येत नव्हती. म्हणून मालकी शहराच्या मुख्य वायडब्ल्यूसीएच्या नावावर, विश्वस्त या नात्याने, ठेवली गेली. पुढे पाळणाघर तिथे भाडेकरू म्हणून आलं, आणि १९९६ मध्ये इमारत विकायचं घाटू लागलं. तेव्हा समाजातल्या लोकांनी जुन्या बैठकांची इतिवृत्तं शोधून काढली. ही जागा जपानी बायकांच्या वतीने सांभाळली जातेय, अशी नोंद त्यांत होती. त्या आधारावर जपानी चर्चच्या संघटनेने दावा लावला, २००२ मध्ये तडजोड झाली आणि इमारत पाळणाघराने विकत घेतली. कित्येक दशकांपूर्वी कुणीतरी बैठकीची टिपणं नीट लिहून ठेवली, म्हणून आज मुलं त्या इमारतीत खेळताहेत! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तुमच्यासाठी आता व्यवहाराचं. कॅलिफोर्नियात केंद्राचा परवाना घ्यायचा तर तान्ह्या बाळांसाठी चारांमागे एक आणि त्यापुढच्या बालवाडीच्या वयाला बारांमागे एक शिक्षिका लागते, आणि पूर्ण पात्र शिक्षिकेकडे बालशिक्षणाचे किमान १२ युनिट, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक, हवेत. अस्खलित मराठी बोलणाऱ्या पुष्कळ जणी तुमच्या भागात मिळतील. हे युनिट असलेल्या थोड्या. म्हणून ज्यांना यात यायचंय त्यांना आत्ताच कम्युनिटी कॉलेजात नाव घालायला सांगा, परवान्याची वाट बघत थांबू नका. मराठी तास-दोन तासांच्या धड्यात कोंबू नका. जेवू घालताना, हात धुताना, झोपवताना जी भाषा कानांवर पडते तीच मुलं उचलतात. आमच्या शाळेत आठवड्याला दोन तास येणाऱ्या मुलांकडे बघून मी हे खात्रीने सांगते.

आणि संस्था ना-नफा म्हणून नोंदवा, भाडेकरार कुणा एका कुटुंबाच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर करा, पहिल्या बैठकीपासून इतिवृत्त लिहा. सटर रस्त्यावरची इमारत बाहेरून एकदा बघून या, पण चालू वर्गांत न विचारता शिरू नका. आधी कार्यालयाशी बोलून वेळ घ्या.