फर्मचा आकार, दायित्व आणि लेखापरीक्षणाची गुणवत्ता

‘मोठी फर्म म्हणजे चांगले लेखापरीक्षण’ हे समीकरण अभ्यासताना तुम्ही त्यामागची कारणे आधी वेगळी करावीत. लेखाशास्त्राच्या अभ्यासक लिंडा डीअँजेलो यांनी १९८१ मध्ये मांडले, की अनेक ग्राहक कंपन्या असलेल्या फर्मने एकीसाठी चूक झाकली, तर बाकीच्यांकडून मिळणारे उत्पन्नही धोक्यात येते. दुसरे कारण म्हणजे सदोष लेखापरीक्षणाबद्दल भरपाईचा दावा झाल्यास पणाला लागणारी फर्मची संपत्ती. कायद्याने या दायित्वावर (भरपाई देण्याच्या जबाबदारीवर) मर्यादा घातली, तर हे दुसरे कारण दुबळे होते, पहिले मात्र टिकते. शिवाय सुस्थितीतील कंपन्याच मोठ्या फर्मकडे अधिक जात असतील, तर आकडेवारीतला फरक (नवखे अभ्यासक हे हमखास विसरतात) लेखापरीक्षकाचा नसून कंपन्यांचाच असू शकतो. आणि नुसता आकार ही हमी नव्हे: २००२ मध्ये कोसळलेली आर्थर अँडरसन जगातील पाच बड्या लेखापरीक्षण फर्मपैकीच होती.