जिवाच्या भीतीने नाकारलं, आता प्रभुभोजनाला बसू का?

जालन्याच्या एका चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन होता. "ताई, आमच्या मंडळीत ओडिशाचं एक कुटुंब येतंय. नवरा रोलिंग मिलमध्ये कामाला, पोरं मराठी शाळेत. बाई एक रविवार चुकवत नाही, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, सुरू झालं की उठून बाहेर जाते. कामून जाते विचारलं की नुसती रडते. काय बोलावं हिच्याशी?"

छळामुळे गाव सोडून आलेल्या विश्वासणाऱ्यांबद्दल पाळक आणि महिला मंडळं मला हे असंच विचारतात: काय बोलावं? बहुतेक जण क्षमेपासून सुरुवात करतात. मारणाऱ्यांना क्षमा करा, विश्वासात खंबीर राहा. पण कित्येकांच्या मनात मारणारे नसतातच. त्यांना स्वतःचीच लाज खात असते. ही हकीकत त्या बाईंच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई ओडिशातल्या कंधमाल जिल्ह्याच्या. 23 ऑगस्ट 2008 रोजी तिथे विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची हत्या झाली. माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, तरी सूड उगवला गेला तो ख्रिस्ती वस्त्यांवर. घरं आणि चर्च पेटवली गेली, 50,000 हून जास्त माणसं बेघर झाली. आधी जंगलात, मग रायकिया, जी. उदयगिरी इथल्या सरकारी छावण्यांत ती राहिली. परत जायचं तर धर्म सोडून या, असं अनेकांना आपल्याच गावात ऐकवलं गेलं.

बाईंशी माझी पहिली भेट चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात झाली. सहभोजनाची तयारी चालली होती. वसमतच्या हळदीचा पुडा कुणीतरी फोडला. बाईंनी चिमूटभर हळद तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, हुंगली आणि हिंदीत म्हणाल्या, "हमारी इससे भी तेज थी." कंधमालची हळद नावाजलेली आहे, तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्या घरासोबत शिजवून वाळवून ठेवलेली हळदीची पोतीही जळाली होती. मी देवाधर्माचं काहीच विचारलं नाही. हळद कधी काढायचे, किती वेळ शिजवायचे, एवढंच विचारत राहिले. भाज्या निवडता निवडता त्या आपणच पुढचं सांगायला लागल्या.

छावणीतून ते गावी परतले ते जमिनीसाठी. नवऱ्याचं मुंडण केलं गेलं, दोघांचे अंगठे एका कागदावर घेतले. आम्ही येशूला सोडलं, असं मोठ्याने म्हणायला लावलं. त्या म्हणाल्या. पोटात लेकरू होतं. तिथेही पुढे राहवलं नाही ते नाहीच. मग काम शोधत जालन्याला आले.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं एक वचन त्यांना तोंडपाठ होतं: जो मला माणसांपुढे नाकारील, त्याला मीही पित्यापुढे नाकारीन. "ते माझ्यासाठीच लिहिलंय ताई," त्या म्हणाल्या.

अशा वेळी 'असं काही नसतं, देव प्रेमळ आहे' म्हणून विषय मिटवू नये. ते वचन त्यांनी वर्षानुवर्षं उराशी धरलेलं असतं. आपण ते उडवून लावलं की त्यांना वाटतं, हिला माझं पाप कळलंच नाही. मी एवढंच विचारलं, हे वचन प्रभू बोलला तेव्हा समोर कोण बसलं होतं? बारा शिष्य. त्यात पेत्र होता. त्याने ते ऐकलं आणि पुढे प्रभूला तीनदा नाकारलं, तेही कोळशाच्या शेगडीपाशी हात शेकत. मग योहानाचा एकविसावा अध्याय आम्ही हळूहळू वाचला. तिबिर्या सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, वर मासळी, सोबत भाकर. पुनरुत्थित प्रभू आधी जेवायला बोलावतो, स्वतःच्या हाताने वाढतो. प्रश्न विचारतो तो न्याहारी झाल्यावर. आणि प्रश्न तरी कोणता? का नाकारलंस, हा नव्हे. माझ्यावर प्रीती करतोस का, हा.

बाई बराच वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून बसल्या. "पहिले खाना दिया?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं की बाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून पश्चात्ताप करावा. पाळकसाहेबांचंही मन डळमळलं. त्यांना मी जुना दाखला दिला. इसवी सन 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांनी देवतांना अर्पण करावं असा हुकूम काढला. कित्येक ख्रिस्ती घाबरून गेले, अर्पण करून आले, काहींनी अर्पण केल्याचं नुसतं प्रमाणपत्र मिळवलं. छळ ओसरल्यावर ते परत आले, तेव्हा रोमचा एक धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना दार बंद. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन काही ढिले नव्हते, प्रायश्चित्त त्यांनी मागितलंच. पण आपणहून धावत गेलेला आणि यातना सोसून मोडलेला यांना एका मापात घालू नये, ही त्यांची भूमिका. 251 च्या कार्थेजच्या सभेत परतीचा मार्ग खुला राहिला. गर्भार बाईकडून धाकाने घेतलेल्या अंगठ्यासाठी जाहीर साक्ष मागणं मला अन्यायच वाटतं, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. शिवाय सासर अजून त्याच गावात आहे. इथे काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून तिथे पोचायला कितीसा वेळ लागतो?

पाळकसाहेबांनी जाहीर साक्षीचा आग्रह सोडला. घरप्रार्थनेत बाईंना त्यांच्या कुई भाषेत प्रार्थना करू दिली. कुणाला शब्द कळले नाहीत, आमेन सगळ्यांनी म्हटलं. महिला मंडळाने त्यांना सहभोजनाच्या मसाल्याचं काम दिलं, आणि ते फार बरं केलं. नेहमी घेणाऱ्याच्या जागी बसवलेलं माणूस आतून आणखी खचतं.

प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागले. रात्री त्या दचकून उठायच्या, कुठे पाचट पेटवलेलं दिसलं की अंग थरथरायचं. त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर पाळकांनी जवळ ठेवावा आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी हालचाल करावी.

बाई आता प्रभुभोजन घेतात. नवरा अजून घेत नाही. चर्चच्या फाटकापर्यंत येतो, पोरांना आत सोडतो आणि बाहेर थांबतो. त्याची पाळी सुटली की पाळकसाहेब मिलजवळच्या टपरीवर त्याच्यासोबत चहा घेतात. त्याने आपणहून विषय काढेपर्यंत काही विचारायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.