टीएनवर अमेरिकेत जाताय? आधी एवढं बघा

अभिनंदन! ऑफर हातात आहे म्हणजे निम्मं काम झालं. फक्त एक, टीएन म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या व्यापार करारातली अमेरिकेत नोकरीची तात्पुरती परवानगी. टीएन कॅनडा किंवा मेक्सिकोच्या नागरिकांनाच मिळतो, कॅनडाच्या नुसत्या पीआर (कायम रहिवासी) कार्डावर नाही.

लोक सगळ्यात जास्त अडकतात ते कंपनीच्या पत्रावर. तुमचा व्यवसाय करारातल्या यादीत हवा आणि पदवी त्याला जुळायला हवी. यादीत ‘इंजिनिअर’ आहे, ‘कॉम्प्युटर सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट’ आहे, ‘प्रोग्रॅमर’ नाही. अ‍ॅनालिस्ट म्हणून अर्ज आणि पत्रात मात्र पानभर कोडिंग, मग अधिकारी प्रश्न विचारणारच. एचआरचं साचेबंद पत्र तसंच उचलून नेऊ नका. कामाचं वर्णन खरं आणि नेमकं आहे ना, ते स्वतः वाचा.

बाकी सोपं आहे:
- कॅनडाच्या नागरिकांचा अर्ज थेट सीमेवर किंवा टोरांटोसारख्या विमानतळावरच्या अमेरिकी तपासणीत.
- एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं. आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची, मुक्काम संपण्याची तारीख लगेच तपासा.
- जोडीदाराला टीडीवर (टीएनधारकाच्या कुटुंबासाठीच्या परवानगीवर) नोकरी करता येत नाही. घरी आधीच बोला!

पुढे अमेरिकेत कायम राहायचं असेल तर ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशावरून ठरते. जन्म भारतातला असेल तर कॅनडाचा पासपोर्ट तिथे कामाचा नाही. शिवाय टीएन तात्पुरत्या मुक्कामासाठी असतो, तेव्हा ती प्रक्रिया सुरू करण्याआधी वकिलाला विचारा. एच-१बी या दुसऱ्या वर्क व्हिसाचं गणित नोकरीत रुळल्यावर बघू.