एन्क्रिप्शन काढलं तर मुलं सुरक्षित होतील का?

प्रश्न: ताई, मुलगी १२ वर्षांची आहे, तिला नुकतंच व्हॉट्सॲप दिलंय. त्यातले मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत म्हणे. मग कुणी मुलांना जाळ्यात ओढत असेल तर कळणार कसं? हे एन्क्रिप्शन काढूनच का टाकत नाहीत?
– एक आई

उत्तर: तुमची भीती अगदी रास्त आहे, आणि एन्क्रिप्शनमुळे काहीच नुकसान होत नाही असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये फोटोडीएनए नावाचं तंत्र आलं, मुलांच्या शोषणाचे आधी सापडलेले फोटो परत कुठे फिरले तर ते ओळखतं, पण त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरला फोटो दिसावा लागतो आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये तो दिसतच नाही. मग फोनमध्येच तपासा की! ॲपलने २०२१ मध्ये आयक्लाउडवर (त्यांच्या ऑनलाइन साठवणीत) जाणाऱ्या फोटोंसाठी तसं जाहीर केलं होतं, खूप विरोध झाला आणि २०२२ च्या शेवटी त्यांनी ते सोडून दिलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की आज हे फोटो शोधणारं यंत्र उद्या सरकारने सांगितलं तर दुसरंही काही शोधेल. मला ते पटतं. शिवाय तुमच्या मुलीचे साधे फोटो, ती कुठे आहे, कुणाशी काय बोलते हेही एन्क्रिप्शनच्या त्याच कुलपामुळे जपलं जातं, आणि त्याची जादा किल्ली बनवली की ती कुणाच्या हातात पडेल याचा भरवसा नाही.

पण एक गोष्ट फार कमी आईवडिलांना माहीत असते. कुलूप मधल्या लोकांना, म्हणजे कंपनीला किंवा चोरून वाचणाऱ्यांना, रोखण्यासाठी असतं, मुलीच्या स्क्रीनवर सगळं उघडंच असतं, म्हणजे तक्रार ती स्वतः करू शकते. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की समोरच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात.

आणि ही माणसं बऱ्याचदा गेममध्ये नाहीतर कमेंटमध्ये ओळख काढतात, गोड बोलतात, मग "इथे नको, तिकडे बोलू", मग "आईला सांगू नकोस", मग फोटो, आणि फोटो मिळाला की धमकी. धमकी आली की मूल गप्प बसतं कारण त्याला त्या माणसाइतकीच घरच्यांच्या रागाची भीती वाटते. म्हणून आजच तिला सांगा, "फोटो पाठवून बसलीस तरी मी रागावणार नाही, आधी माझ्याकडे ये", आणि तसं वागाही. फोन हिसकावून घेतला तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

असं काही झालंच तर चॅट डिलीट करू नका, पैसे देऊ नका, आधी रिपोर्ट मग ब्लॉक, आणि थेट पोलिसांकडे जा. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही आहे, १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो जातो, मग सहभागी साइट्स त्यावरून फोटो शोधून काढून टाकू शकतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये मात्र ती चालत नाही, तिथे मुलीने केलेलं रिपोर्टच कामी येतं, तेव्हा ते बटण कुठे आहे ते आज रात्री दोघी मिळून बघून ठेवा.