पहिला कवितासंग्रह छापताना

तुमचा पहिला कवितासंग्रह 64 पानांचा करायचं म्हणताय, छान! 64 पानं म्हणजे 16 पानी चार फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म), पहिल्या संग्रहाला पुरे.

आधी तुमची सर्वांत लांब ओळ मोजा, मगच पुस्तकाचा आकार ठरवा. डेमीत (पुस्तकांच्या नेहमीच्या मोठ्या आकारात) सहज मावणारी ओळ खिशात मावेल अशा पुस्तकात मोडते, शेवटचा एकच शब्द खाली लोंबतो आणि वाचणारा नको तिथे थांबतो. मोडावीच लागली तर तो तुकडा आत सरकवून लावायला सांगा.

नवखे हमखास दोन चुका करतात:
- पानं वाचवायला एका पानावर दोन कविता कोंबतात.
- टाइप बारीक ठेवतात. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत ज्येष्ठ वाचक बरेच. 14 पॉइंट ठेवाच.

आर्ट पेपर (गुळगुळीत लेप दिलेला कागद) नको, कोकणातल्या दमट हवेत पानं चिकटतात. साधा मॅपलिथो (लेप नसलेला छपाईचा कागद) घ्या, बांधणी शिवलेली. बाकीचं नंतर. आधी एका कवितेचं कच्चं पान काढा आणि दुसऱ्या कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्या.