रोप लावणीचा दिवस आणि अर्धी भाकरी

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझं वय २९. परवा पैऱ्याच्या, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायच्या, रोप लावणीला सकाळी सातला गेले. निघताना कपभर चहा आणि दोन बटर, एवढंच. दुपारी सगळ्यांना वाढता वाढता माझ्या वाट्याला अर्धीच भाकरी उरली, आणि परत वाकायचं असतं म्हणून मीही जास्त मागितली नाही. संध्याकाळी घरी येताना हात थरथरायला लागले, थंड घाम फुटला. भूक नव्हती, तरी घरच्यांनी आग्रह केला म्हणून ताट भरून जेवले आणि सगळं उलटून पडलं. आज दुसरा दिवस. अंगात जीव नाही आणि सारखी भूक लागते. काय करू? मामंजी ६८ वर्षांचे, साखरेची गोळी घेतात आणि आमच्याबरोबरच चिखलात असतात. त्यांचीही काळजी वाटते.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझी आई दिसली. मी नववीत असेन. बेळगुंदीच्या शेतात ती बांधावर बसली होती आणि भाकरीच्या फडक्याची गाठ तिला सुटेना. फडकं पावसानं भिजलेलं, बोटं कापत होती, भाकरी समोर असून खाता येईना. शेवटी मी दातांनी गाठ सोडवली. तीही सकाळपासून नुसत्या चहावर होती. तेव्हा मला कळलं नव्हतं, ते आता तुम्हाला सांगते.

आपलं यकृत साधारण १०० ग्रॅम साखर साठवून ठेवतं. रात्रभर झोपेत त्यातली बरीचशी मेंदूला पुरवण्यात जाते. म्हणजे तुम्ही सातला घराबाहेर पडलात तेव्हाच कणगी तळाला लागलेली होती. स्नायूंकडे याच्या तीन-चार पट साठा असतो, पण तो ज्याचा त्यानंच वापरायचा. स्नायू रक्ताला साखर उसनी देत नाहीत. त्यात दिवसभर कमरेत वाकणं आणि अंगावर ओली साडी. गारठलेलं अंग ऊब धरायलाही साठा जाळतं. हात थरथरले, घाम फुटला, ती साखर खाली आल्याची खूण होती.

आणि भूक का नव्हती? जड कामात रक्त हातापायांकडे वळतं, पोटाकडे कमी जातं, त्यामुळे भूक गप्प बसते. वरून चहा तिला आणखी मारतो. म्हणून अशा दिवशी ‘भूक लागली की जेवीन’ म्हणून थांबू नका. पण अशा पोटावर एकदम भरलं ताट टाकलं तर ते परत येणारच. घरच्यांनी मायेनं वाढलं, चुकलं फक्त एकदम वाढलं.

पुन्हा असं झालं तर आधी ओले कपडे बदला. मग पेलाभर पाण्यात तीन छोटे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून घोट घोट प्या. साखर आणि मीठ बरोबर असलं की आतडं पाणी पटकन शोषतं. याच गोष्टीवर १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कॉलऱ्याच्या कितीतरी रुग्णांना वाचवलं. पंधरा-वीस मिनिटांनी वाटीभर पेज, नाही तर केळं, नाही तर चिरमुरे आणि गूळ. ते पोटात टिकलं की तास-दीड तासानं जेवण : मऊ भात, मसुरीची आमटी, जमलं तर अंडं. भातानंतर त्याच रानात आपण मसूर घेतो, तो नुसता बाजारात घालवू नका, घरच्या बायकांच्या ताटातही येऊ दे. तळलेलं त्या रात्री नको. झोपताना कपभर दूध घेतलं तर पहाटे भुकेनं जाग येत नाही.

आज लागणारी भूक खरी आहे, तिला लाजू नका. स्नायूंचा रिकामा साठा भरायला चांगलं जेवूनही दिवसभर, कधी त्याहून जास्त लागतो. तीन जेवणं करा, मध्ये दोनदा शेंगदाणे-गूळ किंवा आंबील घ्या, घरातलं हलकं काम करा. लावणीला आज-उद्या जाऊ नका. पाळी चुकली असेल तर तपासून घ्या, आणि हिमोग्लोबिनही एकदा बघा. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र याला अशक्तपणा समजून घरी बसू नका. भाताच्या शेतात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) ताप येतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि चिखलात काम केल्याचं सांगा.

पुढच्या पैऱ्याला निघायच्या तासभर आधी एक भाकरी आणि उसळ, किंवा दोन वाट्या पेज पोटात जाऊ दे. ‘वाकताना जड होतं’ हे मी खूप ऐकलंय. तासभरात ते जड राहत नाही. कमरेला गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवा, दहाला आणि तीनला खा. आणि वाढायचं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी द्या. तुम्हीही सगळ्यांबरोबर रोपं लावलीत ना शेतात, मग पंगतीत बसायला काय हरकत?

मामंजींचं मात्र मला जास्त भय वाटतं. साखरेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढत राहतात, आणि दिवसभराच्या कष्टानंतर ती रात्री झोपेतही उतरू शकते. त्यांनी गोळी घेऊन उपाशी चिखलात उतरायचं नाही. ते बडबडायला लागले, घामानं डबडबले किंवा विनाकारण चिडले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग भाकरी खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. गोळी मनानं बंद किंवा कमी करू नका. लावणी संपायच्या आत त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि पाकिटावरचं गोळीचं नाव मलाही लिहून पाठवा.