क्रँक उघडायचा कधी, जुळवायचा कसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : येझदी रोडकिंगचं इंजिन तापलं की टकटक सुरू होते. मेकॅनिक म्हणतो क्रँक गेला, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. त्याआधी खात्री कशी करायची? (कोथरूड)

क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवण्यात बदलणारा भाग : दोन जड चकत्या, त्यांना जोडणारी पिन आणि दोन बाजूंचे शाफ्ट. इंजिन फ्रेममधून उतरवायची घाई करू नका. हेड आणि सिलिंडर काढा. पिस्टनची सर्क्लिप (पिन अडवणारी तारेची कडी) काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर ती उडून थेट आत जाते. पिस्टन निघाला की फडकं काढून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँक पिनवरचं टोक आणि तिथलं बेअरिंग) पेट्रोलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. हे धुणं टाळू नका. ऑइलचा थर प्ले (ढिलेपणा) झाकतो आणि गेलेला क्रँकही हाताला ठणठणीत लागतो.

आता क्रँक पिन वर आणा, कनेक्टिंग (पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड) दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली खेचा. अगदी बारीक 'टक्' जाणवलं तरी बिग एंड गेला असं समजा. कनेक्टिंग डावी-उजवीकडे सरकते, ती मात्र सरकायलाच हवी. या सरकण्यालाच प्ले समजून चांगले क्रँक विनाकारण दाबून उघडले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. गजन पिन (पिस्टन कनेक्टिंगला जोडणारी) स्मॉल एंडमध्ये, म्हणजे कनेक्टिंगच्या वरच्या टोकात घालून तिथलाही प्ले बघा. थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. तुमचा उलटा आहे, म्हणून संशय खालच्या बाजूवरच जास्त.

तपासून झालं की बिग एंडला लगेच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल सोडा. धुतलेलं बेअरिंग कोरडं ठेवलं तर गंजतं.

प्रश्न : क्रँक घरी प्रेस करता येईल का? माझ्याकडे छोटा जॅक-प्रेस आहे. (सिंहगड रस्ता)

पिन काढणं-बसवणं भोसरीतल्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या. छोट्या प्रेसवर पिन अर्ध्यात अडकते, तिरकी जाते आणि भोक ओरबाडते. ते भोक पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. पण क्रँक देण्याआधी दोन कामं घरीच करा. दोन्ही चकत्यांच्या कडेवर पट्टी ठेवून आरपार बारीक रेघ ओढा आणि क्रँकची बाहेरून बाहेर रुंदी मोजून लिहून ठेवा. बसवताना याच दोन गोष्टींचा आधार असतो.

क्रँक ट्रू करणं (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं) मात्र घरी जमतं, आणि खरी मजा त्यातच आहे. क्रँक सेंटर्समध्ये (शाफ्टची दोन्ही टोकं धरणाऱ्या टोकदार आधारांमध्ये) धरा आणि चकत्यांजवळ दोन्ही शाफ्टवर एकेक डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावा. हळू फिरवत दोन्ही काटे एकदम बघा. पिनपासून काटकोनात एक काटा चढतो आणि दुसरा उतरतो, तेव्हा चकत्या पिनेभोवती फिरल्यात. क्रँक सेंटर्समधून काढून हातात धरा आणि चढलेल्या चकतीच्या कडेवर तिथेच तांब्याच्या हातोड्याने ठोका द्या. दोन्ही काटे पिनच्या बाजूला एकदम चढत असतील तर पिनच्या विरुद्ध टोकाला चकत्या जवळ आल्यात, तिथे पाचर मारा. पिनच्या विरुद्ध बाजूला चढत असतील तर तिथे फाकल्यात, तिथे क्लॅम्पने दाबा. प्रत्येक ठोक्यानंतर परत मोजा. मॅन्युअलमध्ये 0.05 मि.मी.पर्यंत सूट दिलेली आढळते, पण तिथे थांबू नका. 0.02 पर्यंत आणा. इंजिन हँडलला किती कमी थरथरतं ते स्वतःच बघा.

प्रश्न : नाना पेठेतून कनेक्टिंग किट (कनेक्टिंग, पिन, बेअरिंगचा संच) आणलं, पण पिन हातानेच आत जाते. मेकॅनिक म्हणतो वेल्डिंगचे टाके मारू. मारू का? (हडपसर)

अजिबात नको. उष्णतेने क्रँक वाकडा होतो, पिनचं हार्डनिंग जातं आणि पुढच्या वेळी पिन निघत नाही. जुनी आणि नवी पिन मायक्रोमीटरने मोजा. नवी बारीक निघाली तर किट परत करा. दोन्ही सारख्या असतील तर भोक सैल झालंय, तेव्हा ओव्हरसाइज (किंचित जाड) पिन करून घ्या. पुढच्या वेळी दुकानात मायक्रोमीटर घेऊनच जा, पैसे देण्याआधी मोजा.

प्रश्न : जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये फ्लोटिंग बुश काढून रोलर बेअरिंग टाकावं का? (चिंचवड)

346 सीसीचं हे इंजिन संथ चालण्यासाठी आहे, 90 मि.मी. स्ट्रोक आहे त्याचा. फ्लोटिंग बुश म्हणजे बिग एंडमधली धातूची नळी : पिनवरही सुटी, कनेक्टिंगमध्येही सुटी, मधे ऑइलचा थर. तो थर टिकला तर बुश उत्तम चालतो आणि मी तोच ठेवीन. हायवेवर गाडी सतत ताणणार असाल तर रोलर टाका.

काहीही टाकलंत तरी टायमिंग कव्हरमधल्या क्विल बोल्टचं कॉर्क सील नवीन लावा. बिग एंडला ऑइल तिथूनच जातं. हे सील आक्रसलं की ऑइल वाटेतच गळतं आणि नवा बिग एंडही उपाशी राहून जातो. फ्लायव्हील (क्रँकच्या चकत्या) खोलल्याच आहेत तर पिनमधली ऑइलची वाटही हवा मारून साफ करून घ्या.